संगणकीय नियंत्रक, छोट्या लेथ व मिलचे

छोट्या लेथ किंवा मिलिंग मशीनचे अक्ष संगणकाकरवी हलविणारी यंत्रणा. तिचे चार भाग पडतात : जी-कोड (कापणारे टूल कसे हलवायचे हे सांगणाऱ्या आज्ञा) वाचणारे सॉफ्टवेअर, स्टेप पल्स (एकेक पाऊल टाकायला लावणारे विद्युत इशारे) तयार करणारा भाग, त्या पल्सनुसार मोटरींना वीज देणारे ड्राइव्ह आणि मोटरी. नियंत्रक निवडायचा म्हणजे पडद्यावरचे सॉफ्टवेअर निवडायचे, असा समज बराच रूढ आहे. मात्र जॉब (कापला जाणारा तुकडा) बिघडतो तो बहुधा दुसऱ्या भागात. पल्स कोण तयार करतो आणि त्याच्या वेळेवर किती भरवसा ठेवता येतो, हे आधी ठरवावे लागते. लेथ असेल तर स्पिंडल (जॉब फिरविणारा दांडा) फेऱ्यात नेमके कुठे आहे हे नियंत्रकाला कळते का, हेही पाहावे लागते.

उगम : आकड्यांनी यंत्र चालविण्याचे श्रेय कोणाचे, याबाबत दोन मते आहेत. अमेरिकेतील मिशिगन राज्यात जॉन पार्सन्स व फ्रँक स्टुलेन हे हेलिकॉप्टरच्या पात्यांचे साचे बनवीत असत. वक्रावरचे बिंदू छिद्रपत्री (पंच कार्ड) यंत्रावर काढून ते आकड्यांबरहुकूम कापण्याची पद्धत त्यांनी १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात वापरली. हवाई दलाचे कंत्राट १९४९ मध्ये मिळाल्यावर पार्सन्स यांनी मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेच्या सर्व्हो प्रयोगशाळेला कामात घेतले आणि १९५२ मध्ये तेथे तीन अक्षांची मिलिंग मशीन चालवून दाखविण्यात आली. पार्सन्स व स्टुलेन यांचा पेटंट अर्ज मे १९५२ चा, संस्थेचा ऑगस्ट १९५२ चा. पहिला १९५८ मध्ये मंजूर झाला, दुसरा १९६२ मध्ये. आकड्यांची कल्पना पार्सन्स यांची आणि सलग मार्गावर प्रतिसादासह चालणारे नियंत्रण संस्थेचे, ही वाटणी अधिक ग्राह्य वाटते. हौशी यंत्रांवरच्या साध्या स्टेपर मोटरींना तो प्रतिसाद नसतोच. पल्स पाठविली म्हणजे अक्ष हलला, असे नियंत्रक गृहीत धरतो.

हौशी नियंत्रकांची वंशावळ याहून अलीकडची आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत १९९० च्या दशकात ‘ईएमसी’ हे नियंत्रक सॉफ्टवेअर तयार झाले व सर्वांना मुक्तपणे वापरण्यासाठी खुले झाले. त्याच नावाच्या एका कंपनीने हरकत घेतल्यामुळे २०११-१२ च्या सुमारास त्याचे नाव ‘लिनक्ससीएनसी’ झाले. विंडोजवर चालणाऱ्या ‘मॅक’ मालिकेची सुरुवात आर्ट फेनर्टी यांनी ईएमसीच्याच कोडवरून केली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ‘जीआरबीएल’ मात्र या घराण्यातले नाही. सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी २००९ च्या सुमारास ते आर्डुइनो या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डासाठी स्वतंत्रपणे लिहिले.

पल्सचा हिशेब : फेऱ्याला २०० पावलांची मोटर, ड्राइव्हवर १० मायक्रोस्टेप (एका पावलाचे दहा भाग) आणि ५ मिमी पिचचा (एका फेऱ्यात अक्ष ५ मिमी सरकविणारा) बॉल स्क्रू असेल, तर एका मिमीला ४०० पल्स लागतात. अक्ष मिनिटाला ३,००० मिमी पळवायचा तर सेकंदाला २०,००० पल्स हव्यात. आर्डुइनो उनोवरील जीआरबीएलची कमाल मर्यादा ३०,००० च्या आसपास आहे, म्हणजे हे काम ते निभावते. ड्राइव्हचे स्विच १६ मायक्रोस्टेपवर ठेवले, तर त्याच बोर्डावर वेग सुमारे २,८०० मिमीवर अडकतो. मायक्रोस्टेप वाढवून अचूकता वाढते हा गैरसमज आहे. चाल मऊ होते, पण लहान पावलांवर मोटरची पकड तेवढी राहत नाही आणि स्क्रूच्या नटातला सैलपणा जसाच्या तसा राहतो.

जुन्या पद्धतीत पल्स संगणकच पॅरलल पोर्टमधून (जुन्या संगणकांवरील प्रिंटरच्या जोडणीतून) देतो. मॅक ३ चा या पोर्टचा ड्रायव्हर फक्त ३२-बिट विंडोजवर चालतो, म्हणून जुना डेस्कटॉप जपून ठेवणारे कारागीर आजही आहेत. लिनक्ससीएनसीत यंत्रणा जोडण्याआधी विलंबाची, म्हणजे संगणक ठरल्या वेळेहून किती उशीर करतो याची, चाचणी घ्यावी लागते. ब्राउझर उघडणे, खिडक्या हलविणे, मोठी फाइल नकलणे असा भार देत चाचणी निदान अर्धा तास चालू ठेवावी. कमाल विलंब १५ ते २० मायक्रोसेकंदांच्या आत राहिला तर संगणक उत्तम. ३० ते ५० आला तर काम होते, पण वेग कमी मिळतो. १०० च्या वर गेला तर पल्स त्या संगणकाकडून घेऊ नयेत. लॅपटॉप येथे बहुधा नापास होतात, कारण वीज वाचविणारी त्यांची यंत्रणा मध्येच प्रोसेसर अडवते. पल्स मेसा ७आय७६ई यांसारख्या इथरनेट कार्डाकडे सोपविल्या की संगणकाला मिलिसेकंदातून एकदा आकडे पाठविणे एवढेच उरते आणि साधारण संगणकही चालतो.

मिलसाठी निवड सोपी आहे. तीन अक्ष, हाताने बदलायचे टूल आणि कॅममधून (आराखड्यावरून जी-कोड काढणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) आलेला कोड एवढेच असेल तर जीआरबीएल पुरते. भोके पाडण्याची जी८१ सारखी तयार चक्रे आणि कटरच्या त्रिज्येची जी४१-जी४२ भरपाई त्यात नाही, त्यामुळे कॅमने ती उलगडून द्यायला हवी.

लेथवरील आटे : नियंत्रकाची खरी परीक्षा येथे होते. आटे एका पासमध्ये (टूलच्या एका खेपेत) निघत नाहीत. आठ-दहा पास घ्यावे लागतात आणि प्रत्येक वेळी टूल त्याच खाचेत उतरावे लागते. मॅक ३ च्या पॅरलल पोर्ट पद्धतीत स्पिंडलच्या फेऱ्याला एकच पल्स मिळते. तीवरून वेग काढून नियंत्रक झेड (स्पिंडलच्या लांबीच्या दिशेचा) अक्ष सोडतो, पण फेऱ्याच्या मध्ये स्पिंडल दबला तर ते त्याला दिसत नाही. १.५ मिमी पिचचे आटे काढताना कट लागल्यावर वेग ६०० वरून ५७० वर आला, तर फरक ५ टक्के, म्हणजे फेऱ्यामागे ०.०७५ मिमी. शिवाय प्रत्येक पासला भार वेगळा असतो. परिणामी खाच रुंदावते, आट्याचे शिखर पातळ होते आणि नट सुरुवातीला बसून पुढे अडतो. जड स्पिंडल, दमदार मोटर आणि ०.०५ ते ०.१ मिमीचे पास यांनी दोष झाकला जातो, जात नाही.

दोन वाहिन्या व एक इंडेक्स (फेऱ्याला एकदा येणारी खूण) असलेला एन्कोडर, म्हणजे स्पिंडलचा कोन मोजणारा सेन्सर, बसविला की लिनक्ससीएनसी झेड अक्ष थेट स्पिंडलच्या कोनाला बांधतो. स्पिंडल दबला तर सॅडलही (टूल घेऊन झेडवर सरकणारा भाग) तेवढीच मंदावते. यासाठी १०० खाचांची चकती पुरते. तिच्या फेऱ्याला ४०० मोजण्या होतात, म्हणजे वरच्या आट्यात एका मोजणीला ०.००४ मिमीहूनही कमी. ६०० फेऱ्यांना सेकंदाला ४,००० मोजण्या पॅरलल पोर्ट सहज वाचतो. १,०२४ रेषांचा तयार एन्कोडर लावल्यास त्याच वेगाला जवळजवळ ४१,००० मोजण्या येतात. सॉफ्टवेअरने पोर्ट वाचण्याच्या क्षमतेपलीकडचा हा आकडा आहे, तेव्हा त्याला कार्डच हवे. पॅरलल पोर्टला इनपुटही पाचच असतात. एन्कोडरला तीन गेले की आणीबाणीच्या बटणाला एक आणि सगळ्या लिमिट स्विचना (अक्ष टोकाला पोचल्याचे कळविणाऱ्या) मिळून एक उरतो.

बसविण्यात एक अडचण हमखास येते. छोट्या लेथचा स्पिंडल पोकळ असतो आणि लांब सळई त्यातून मागे जाते, म्हणून एन्कोडर मागच्या टोकाला सरळ जोडता येत नाही. मागच्या टोकावर दाती पुली बसवून दाती पट्ट्याने एन्कोडर बरोबर एकास एक फिरवावा. व्ही पट्टा घसरतो, म्हणून तो येथे चालत नाही. दुसरा उपाय म्हणजे स्पिंडलवरच खाचांची चकती आणि एका खाचेपासून पुढच्या खाचेपर्यंतच्या अंतराच्या पावाने सरकविलेले दोन प्रकाश सेन्सर, शिवाय इंडेक्ससाठी आणखी एक. त्यांना झाकण लागते. खिडकीतले ऊन किंवा तेलाचा थर मोजणी चुकवितो.

आटे सुरू होण्याआधी झेडला धाव मिळाली पाहिजे. १.५ मिमी पिच व ६०० फेरे म्हणजे मिनिटाला ९०० मिमी. सेकंदाला १०० मिमी/सेकंद एवढा त्वरण असेल तर तो वेग गाठायला सव्वा मिमीच्या आत अंतर जाते, वर मागे पडलेला कोन भरून काढायला आणखी थोडे लागते. टूल जॉबच्या तीन पिच अलीकडून सोडले की पुरते. पिच आणि फेरे यांचा गुणाकार झेडच्या कमाल वेगापेक्षा कमी हवा, हे २ मिमीच्या आट्याला विशेष सांभाळावे लागते. आर्डुइनोवरील जीआरबीएलमध्ये झेड असा स्पिंडलला बांधण्याची सोय नाही. त्याच्या ३२-बिट अवतारात, जीआरबीएलहालमध्ये, काही बोर्डांवर आहे. स्वस्त यूएसबी बोर्ड घेताना ‘मॅक ३ चालते’ एवढ्यावर विसंबू नये, कारण आटे काढणे त्या बोर्डाच्या प्लगइनवर अवलंबून असते.

जोडणी : ड्राइव्हचा व्होल्टेज मोटरच्या इंडक्टन्सवरून ठरतो, मिलिहेन्रीच्या वर्गमुळाला ३२ ने गुणतात. २.५ मिलिहेन्रीला सुमारे ५० व्होल्ट येतात, पण ५० व्होल्ट कमाल असलेल्या ड्राइव्हला ३६ द्यावेत, कारण मोटर थांबताना उलट वीज परत येते. ड्राइव्ह चालू असताना मोटरची वायर काढल्यास ड्राइव्ह जळू शकतो. ३.३ व्होल्टच्या बोर्डाने ५ व्होल्टचा ड्राइव्ह चालविला तर अधूनमधून पल्स गळतात आणि दोष मोटरला दिला जातो. व्हीएफडी (स्पिंडल मोटरचा वेग बदलणारे उपकरण) सुरू होताच लिमिट स्विच लागल्याचा खोटा इशारा येत असेल, तर स्विच बंद-संपर्काचे (एरवी जोडलेले, दाबल्यावर तुटणारे) व २४ व्होल्टवर करून ऑप्टोकपलरमधून (इशारा प्रकाशाने पलीकडे देणाऱ्या भागातून) आणावेत, आणि शील्डचे अर्थिंग एकाच टोकाला द्यावे. आणीबाणीच्या बटणाने ड्राइव्ह व स्पिंडल यांचा पुरवठा थेट तोडावा. सॉफ्टवेअरला नुसता निरोप देणारे बटण त्या कामाचे नाही.

पडदा व बटणे एकाच डब्यात असलेले स्वतंत्र नियंत्रक मिलवर ठीक चालतात. लेथसाठी ते घेताना एन्कोडरचा इनपुट आणि व्यासात मापे घेण्याची सोय आधी पाहावी. भोसरी-शिरोलीच्या कारखान्यांत फॅनक या औद्योगिक नियंत्रकावर हात बसलेल्या टर्नरला भाषेची वेगळी अडचण येते. फॅनकच्या अनेक नियंत्रकांवर आटे काढण्याची जी७६ ही आज्ञा दोन ओळींत लिहितात, लिनक्ससीएनसीवर एकाच ओळीत, आणि तेथे पी म्हणजे पिच, के म्हणजे आट्याची पूर्ण खोली, जे म्हणजे पहिला कट. कारखान्यातला प्रोग्रॅम जसाच्या तसा घरच्या लेथवर चढवू नये. आधी जॉब न लावता हवेत चालवून पाहावा.