मंजुळे, नागराज
मराठी कवी, चित्रपट-दिग्दर्शक, पटकथाकार व अभिनेते. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातले जेऊर हे त्यांचे गाव. वडार समाजातील कष्टकरी कुटुंबात वाढलेल्या मंजुळे यांनी पुणे विद्यापीठातून मराठीत एम.ए. केले आणि पुढे अहमदनगर येथे संज्ञापनाचे शिक्षण घेताना ‘पिस्तुल्या’ (२००९) हा लघुपट केला. त्याला पदार्पणाच्या दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘फँड्री’ (२०१३), ‘सैराट’ (२०१६) आणि ‘झुंड’ (२०२२) हे त्यांचे प्रमुख चित्रपट होत. ‘पावसाचा निबंध’ या लघुपटासाठीही त्यांना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. ‘उन्हाच्या कटाविरुद्ध’ हा त्यांचा कवितासंग्रह असून त्यांच्या दृश्यरचनेतील काटकसर कवितेतूनच आलेली असावी.

‘सैराट’मागे मोठ्या स्टुडिओचे भांडवल होते, तरीही माणसे, बोली आणि भूप्रदेश त्यांनी आपल्याच मुलखातून निवडले, आणि त्यांचे स्वातंत्र्य प्रामुख्याने या निवडीत दिसते. ‘फँड्री’तला जब्या साकारणारा सोमनाथ अवघडे हा हलगी वाजवणारा शाळकरी मुलगा होता, तर ‘सैराट’ची नायिका रिंकू राजगुरू ही अकलूजची शाळकरी मुलगी. दोघांच्याही कामाची राष्ट्रीय पुरस्कारांत दखल घेतली गेली. करमाळा परिसरातील बोली तोवर मराठी पडद्यावर बहुधा विनोदापुरतीच येत असे. मंजुळे यांच्या नायक-नायिकांनी प्रेम, राग आणि अधिकार याच बोलीत व्यक्त केले.

कैकाडी बोलीत ‘फँड्री’ म्हणजे डुक्कर. गावासमोर डुक्कर धरावे लागण्याची जब्याची लाज हा या चित्रपटाचा गाभा आहे. डुकरामागे धावणारे कुटुंब शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येताच जागच्या जागी ताठ उभे राहते आणि डुक्कर निसटते. पुढे ते डुक्कर वाहून नेताना मागच्या भिंतीवर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई फुले, गाडगेबाबा यांची चित्रे दिसत राहतात. या प्रसंगांत एकही पात्र जातीवर भाषण करीत नाही, आणि तरीही जातिव्यवस्थेवर यापेक्षा नेमके भाष्य मराठी चित्रपटात क्वचितच झाले आहे. अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या, म्हणजे प्रेक्षकाच्या, दिशेने येतो.

‘सैराट’मध्ये त्यांनी लोकप्रिय प्रेमपटाचा साचा मनापासून वापरला. अजय-अतुल यांची गाणी, उसाचे फड, उजनी जलाशयाचा काठ यांनी पूर्वार्ध बहरलेला आहे. हैदराबादला पळून गेलेल्या जोडप्याच्या उत्तरार्धात मात्र गाणी नाहीत. तेथे झोपडपट्टीतली खोली, मजुरी, भांडणे आणि संशय आहे. पडद्यावरील प्रेमकथा सहसा जेथे थांबतात त्यानंतरचा हा संसार मंजुळे सावकाश दाखवतात, आणि त्यामुळे शेवटची या जोडप्याची हत्या अधिक असह्य होते. ती हत्या प्रत्यक्ष दिसत नाही. त्यांचे लहान मूल रक्तात पाऊल ठेवून रडत बाहेर जाते, त्याची पावले फरशीवर उमटत राहतात, आणि तेवढा वेळ चित्रपटातला सर्व आवाज थांबलेला असतो.