स्टिक की युनिटाइज्ड? ऑफिसच्या इमारतीला काच लावण्याआधी

बीकेसीत किंवा खराडीत रस्त्यावरून पाहिले तर काचेच्या सगळ्या इमारती सारख्याच वाटतात. फरक कळतो तो आत गेल्यावर. दोन काचांच्या मधला ॲल्युमिनियमचा उभा खांब, म्हणजे मलियन, जवळून बघा. तो एकसंध असेल तर ती स्टिक पद्धत. त्याच्या मधोमध वरून खालपर्यंत बारीक रेघ दिसली, तर ती युनिटाइज्ड: प्रत्येक पॅनेल आपला अर्धा खांब घेऊन येते आणि शेजारच्या पॅनेलच्या अर्ध्यात अडकते.

दोन्हीही इमारतीचे वजन पेलत नाहीत. स्लॅबच्या कडेला ब्रॅकेटवर टांगलेली ही भिंत फक्त स्वतःचे वजन आणि वारा सोसते. स्टिकमध्ये उभे-आडवे सेक्शन साइटवर एकेक करून जोडतात, मग काच बसवतात आणि सांधे तिथेच सिलिकॉनने भरतात. न्यूयॉर्कचे १९५२ चे लिव्हर हाऊस याच जातीचे. युनिटाइज्डमध्ये मजल्याच्या उंचीची अख्खी चौकट कारखान्यात काचेसकट तयार होते आणि साइटवर फक्त टांगली जाते.

कोटेशन आली की चौरस फुटाचा दर बघून स्टिक स्वस्त ठरते. या तुलनेला माझा आक्षेप आहे, कारण त्या दरात पावसाचा हिशोब नसतो. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागानुसार वाऱ्याचा मूळ वेग मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर, पुण्यासाठी ३९. नुसत्या या वेगानेच मुंबईत चौरस मीटरला सुमारे ११६० न्यूटन दाब येतो. उंची आणि कोपऱ्यांचे गुणक पुढे वेगळे लागतात. बाहेर दाब जास्त आणि आत कमी, म्हणून पाणी फटीतून आत ओढले जाते. युनिटाइज्डच्या सांध्यातली पोकळी बाहेरच्या हवेला मोकळी ठेवतात. दाब सारखा झाला की आत शिरलेले पाणी खाली उतरून निचऱ्याच्या छिद्रातून बाहेर पडते. चांगल्या स्टिकमध्येही अशी छिद्रे असतात, पण पाळण्यात लोंबकळत काम करणारा माणूस घाईत त्यांच्यावरच सिलिकॉन मारतो. पाणी मग आत साचते आणि फॉल्स सीलिंगवर डाग पडतो.

सिलिकॉनचेही तसेच. काच चिकटवण्याआधी पृष्ठभाग स्वच्छ आणि कोरडा हवा. कारखान्यात हे जमते. पावसाळ्यात, शेजारी प्लास्टर चालू असताना, चौदाव्या मजल्यावर जमवणे फार कठीण. म्हणूनच आपल्याकडे मधला मार्ग रुळला आहे, सेमी-युनिटाइज्ड: सांगाडा साइटवर, काच मात्र वर्कशॉपमध्ये फ्रेमला चिकटवून आणायची.

याचा अर्थ युनिटाइज्ड गळत नाही असा नाही. चार पॅनेल जिथे एकत्र येतात तो नाका तिचा कच्चा दुवा. तिथला गॅस्केट, म्हणजे सांधा बंद करणारी रबरी पट्टी, तुटका किंवा आखूड राहिला तर वरच्या मजल्याचे पाणी खाली येते, आणि नंतर तिथे हात पोचत नाही. त्यामुळे काही पॅनेल लागताच नाक्यांवर पाण्याचा फवारा मारून तपासा. पुढची रांग चढू देण्याची घाई करू नका.

स्लॅबची कड किती सरळ आहे, यावर बरेच अवलंबून असते. आपली आरसीसी कामे इंच-दीड इंच आत-बाहेर होतात. ब्रॅकेटमध्ये थोडी समायोजनाची सोय असते, पण चूक त्यापलीकडे गेली तर तयार पॅनेल बसत नाही. स्टिकमध्ये माप साइटवर घेऊन निभावता येते. शिवाय युनिटाइज्डची ड्रॉइंग लवकर कायम करावी लागतात. मालक सहा महिन्यांनी दरवाजा सरकवणार असेल तर ती घेऊच नये.

माझे मत: चार-पाच मजली, वेड्यावाकड्या आकाराची इमारत किंवा नुसती तळमजल्याची लॉबी असेल तर स्टिक. दहाच्या वर मजले आणि एकच माप पुन्हा पुन्हा येत असेल तर युनिटाइज्ड. पॅनेल मजल्याच्या आतून छोट्या क्रेनने लावली जातात, परांची लागत नाही, आणि खालचे मजले बंद होताच आतली कामे सुरू होतात. दीड मीटर रुंद, ३.६ मीटर उंच पॅनेलमध्ये दोन ६ मिमी काचांचेच वजन १६० किलोच्या वर जाते, तेव्हा क्रेनचा आणि वाहतुकीचा खर्च आधीच धरा.

काच फुटल्यावर काय, हे सहसा कोणी विचारत नाही. बाहेरून पट्टी लावलेल्या स्टिकमध्ये पट्टी काढून काच बदलता येते. युनिटाइज्डमध्ये मधले पॅनेल सहज उपसता येत नाही. जुने सिलिकॉन कापायचे, नवी काच चिकटवायची आणि सिलिकॉन पक्के होईपर्यंत क्लिपांनी धरून ठेवायची. ही पद्धत कंत्राटातच लिहून घ्या आणि प्रत्येक मापाच्या थोड्या काचा सुरुवातीलाच राखून ठेवा. कोटिंगची नेमकी तीच छटा काही वर्षांनी मिळेलच असे नाही.