भूतानचं रात्रीचं शुल्क आणि व्हेनिसचं दिवसाचं तिकीट

टूरच्या खर्चाच्या कागदावर दोन्ही पैसे ‘पर्यटन कर’ या एकाच नावाखाली येतात, म्हणून भूतानला भरायचे आणि व्हेनिसला भरायचे पैसे एकाच जातीचे वाटतात. तसे ते नाहीत. भूतान मुक्कामाचे पैसे घेतं. व्हेनिस मुक्काम न करण्याचे.

भूतानने परदेशी पर्यटकांना दार उघडलं १९७४ साली. माणसं थोडी येऊ देत, पण त्यांच्याकडून देशाला नीट मिळू दे, हे धोरण तेव्हापासूनचं. किमान ६० टक्के जमीन कायम जंगलाखाली राहील, असं तिथल्या राज्यघटनेतच लिहिलंय. ते जपण्यासाठी ‘शाश्वत विकास शुल्क’, म्हणजे एसडीएफ: डॉलरमध्ये भरणाऱ्याला माणशी रात्रीला १०० डॉलर, आपल्याला १२०० रुपये. पुण्याहून नवरा-बायको आणि दहा वर्षांची मुलगी सहा रात्रींसाठी गेले, तर मोठ्यांचे १४,४०० आणि मुलीचे अर्ध्या दराने ३,६००. असे १८,००० नुसत्या शुल्काचे. हॉटेल, गाडी, जेवण वेगळं. रक्कम टोचते, पण ती हॉटेलवाल्याच्या गल्ल्यात न जाता सरकारी तिजोरीत जाते, आणि तिथल्या लोकांचा दवाखाना नि शाळा त्याच तिजोरीतून मोफत चालते. मला हे पैसे भरताना वाईट वाटत नाही.

याची दुसरी बाजूही खरी आहे. कोविडनंतर सप्टेंबर २०२२ मध्ये सीमा उघडताना भूतानने हेच शुल्क ६५ वरून थेट २०० डॉलर केलं. पाहुणे रोडावले, आणि त्याची झळ मंत्रालयाला नाही, गाईडला, ड्रायव्हरला, लहान हॉटेलवाल्याला बसली. वर्षभरात दर निम्म्यावर, १०० डॉलरवर आणावा लागला. जंगल राखायचं आणि गाईडची चूलही पेटती ठेवायची, ही ओढाताण या एका आकड्यात दिसते.

व्हेनिसचं दुखणं वेगळं. जुन्या बेटावरच्या शहरात १९५० च्या सुमारास पावणेदोन लाख लोक राहत होते, आता पन्नास हजारही नाहीत. सकाळी बसने यायचं, सॅन मार्कोच्या चौकात फोटो काढायचे, पाण्याची बाटली आणि एक फ्रीज मॅग्नेट घ्यायचं, संध्याकाळी परत. अशा पाहुण्याकडून शहराला फार थोडं मिळतं. त्याने टाकलेली बाटली मात्र सफाई कामगाराला हातगाडी पुलाच्या पायऱ्यांवरून ओढत बोटीपर्यंत न्यावी लागते, कारण तिथे कचऱ्याचा ट्रक फिरूच शकत नाही.

म्हणून २५ एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, सकाळी साडेआठ ते दुपारी चारमध्ये येणाऱ्या, मुक्काम न करणाऱ्या माणसाला ५ युरोचं तिकीट लागलं. पहिल्या वर्षी असे २९ दिवस होते. २०२५ मध्ये ५४ झाले, आणि आयत्या वेळी काढणाऱ्याला १० युरो. पहिल्या वर्षी सुमारे २४ लाख युरो जमले, पण गर्दी काही हटली नाही. हटणार तरी कशी? किती जणांना सोडायचं यावर मर्यादाच नाही, आणि हजारो मैल उडून आलेला माणूस ५ युरोसाठी मागे फिरत नाही. बोटींच्या लाटा विटांच्या भिंती पोखरतात, मीठ आत शिरतं, चुना सुटतो. त्या भिंतींसाठी ऑगस्ट २०२१ मध्ये मोठ्या क्रूझ जहाजांना शहरालगतच्या ज्युदेक्का कालव्यातून घातलेली बंदी, माझ्या मते, या तिकिटापेक्षा जास्त कामाची ठरली.

आपल्याकडच्या बऱ्याच युरोप टूरचा मुक्काम व्हेनिसच्या बेटावर नसून जवळच्या मेस्त्रे किंवा पादोव्हाला असतो. मेस्त्रे व्हेनिस पालिकेच्याच हद्दीत येतं. तिथे हॉटेलमध्ये रात्रीचा कर भरलेला असतो, म्हणून हे तिकीट माफ. पण माफीचा क्यूआर कोड आधी ऑनलाइन काढून ठेवावा लागतो. पादोव्हा मात्र वेगळं शहर, तिथे उतरलात तर तुम्ही दिवसाचे पाहुणे, तिकीट काढूनच जा.