शाफ्टच्या मोटरसायकलमधला न दिसणारा क्रॉस

‘चेनची गाडी घेऊ नकोस, शाफ्टची घे. आयुष्यभर बघायला नको.’ मोठी टूरिंग मोटरसायकल घ्यायला निघालेल्या माणसाला हा सल्ला हमखास मिळतो. त्यातलं अर्धं खरं आहे. चेनला दर पाच-सातशे किलोमीटरला तेल द्यावं लागतं, ताण बघावा लागतो, स्प्रॉकेटचे दाते झिजतात. शाफ्ट म्हणजे चेनऐवजी मागच्या चाकाकडे ताकद नेणारा फिरता दांडा; त्याला यातलं काहीच नसतं. पण ‘आयुष्यभर बघायला नको’ हे वाक्य घातक आहे. २०२२ साली बीएमडब्ल्यूने आर १२०० जीएस आणि आर १२५० जीएस या मालिकांसाठी तांत्रिक मोहीम काढली. शाफ्ट काढून तपासायचा, स्विंगआर्ममध्ये (मागचं चाक धरणाऱ्या, वरखाली हलणाऱ्या हातामध्ये) साचलेलं पाणी बाहेर पडेल अशी सोय करायची आणि ६०,००० किलोमीटरला शाफ्ट बदलायचा, असं तिचं स्वरूप होतं. ही कंपनी १९२३ च्या आर ३२ या आपल्या पहिल्या मोटरसायकलपासून शाफ्ट वापरत आली आहे. तिलाच मुदत घालावी लागली, तर आपणही आत काय चालतं ते एकदा नीट समजून घेतलेलं बरं.

गिअरबॉक्समधून निघालेली ताकद शाफ्टने मागे जाते. तिथे पिनियन आणि क्राउन या दोन तिरक्या दात्यांच्या चाकांमुळे ती काटकोनात वळते आणि चाकाला मिळते. मागचं चाक खड्ड्यागणिक वरखाली होतं, गिअरबॉक्स मात्र जागच्या जागी असतो. म्हणून शाफ्टला वाकता येईल असा सांधा लागतो. दोन यू-आकाराचे काटे एकमेकांना काटकोनात धरायचे आणि मधे अधिक चिन्हासारखा एक तुकडा बसवायचा, की झाला सांधा. युरोपात सोळाव्या शतकातल्या कार्डानो या इटालियन गणितज्ञावरून त्याला ‘कार्डन’ म्हणतात, इंग्रजीत रॉबर्ट हुकचं नाव देतात. शाळेत स्प्रिंगच्या नियमात आणि पेशीच्या धड्यात भेटतो तोच हा हुक. आपल्याकडे ट्रक-जीपच्या गॅरेजमध्ये या तुकड्याला सरळ ‘क्रॉस’ म्हणतात. ‘क्रॉस गेलाय’ हे वाक्य हायवेवरच्या कुठल्याही मेस्त्रीकडे ऐकायला मिळेल.

या क्रॉसची एक खोड आहे आणि सगळं प्रकरण तिच्यापाशी येऊन थांबतं. सांधा वाकलेला असेल, तर एका बाजूने एकसारख्या वेगाने फिरवूनही दुसरी बाजू एकसारखी फिरत नाही. सॉकेट पान्यांच्या सेटमध्ये वाकणारा छोटा जॉइंट असतो. तो ४५ अंशांत वाकवा आणि एक टोक सावकाश फिरवत दुसऱ्या टोकावर नजर ठेवा. ते क्षणात पुढे पळतं, क्षणात रेंगाळतं. एका फेरीत असं दोनदा होतं.

कारण भूमितीत आहे. क्रॉसचा एक दांडा फिरवणाऱ्या काट्यात अडकलेला असतो, दुसरा फिरणाऱ्या काट्यात. हे दोन दांडे एकमेकांशी कायम काटकोनातच राहतात, पण त्यांची टोकं दोन वेगळ्या, तिरक्या पातळ्यांवरच्या वर्तुळांत फिरतात. सांधा ज्या पातळीत वाकलाय त्या पातळीत फिरवणाऱ्या काट्याचा दांडा आला, की फिरणारी बाजू सगळ्यात वेगात असते. पाव फेरी पुढे गेल्यावर तीच बाजू सगळ्यात मंद होते. हिशेब सोपा आहे. मूळ वेगाला वाकाच्या कोनाच्या कोसाइनने भागलं की कमाल वेग मिळतो, गुणलं की किमान. १० अंशांचा कोसाइन ०.९८५, म्हणजे वेग दीड टक्का वर-खाली. २० अंशांना हाच फरक सहा टक्क्यांवर जातो. ४५ अंशांना कमाल वेग किमान वेगाच्या दुप्पट होतो, म्हणून तो पान्याचा जॉइंट हातात इतका धक्के देतो.

दीड टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण मोठ्या ॲडव्हेंचर गाडीच्या मागच्या टायरचा घेर साधारण २ मीटर असतो. ताशी १०० किलोमीटरला चाक सेकंदाला सुमारे १४ वेळा फिरतं, आणि शाफ्ट त्याच्या जवळजवळ तिप्पट, म्हणजे ४० वेळा. दर फेरीत दोनदा, म्हणजे सेकंदाला ८० वेळा शाफ्टला पुढे ढकललं आणि मागे ओढलं जातं. शिवाय इंजिनाचा पीळ, म्हणजे टॉर्क, आहेच. आर १२५० जीएसच्या इंजिनाचा पीळ कमाल १४३ न्यूटन-मीटर; पहिल्या गिअरमध्ये शाफ्टवर तो तिपटीहून जास्त होऊन येतो.

यावर उतारा म्हणजे दोन सांधे. पहिल्या सांध्याने केलेली चलबिचल दुसऱ्याने उलट करून मिटवायची. त्याला दोन अटी आहेत. दोन्ही सांध्यांचे कोन सारखे हवेत, आणि मधल्या नळीवरचे दोन्ही काटे एका पातळीत हवेत. यालाच फेज जुळणं म्हणतात. बीएमडब्ल्यूने १९८७ मध्ये आणलेल्या पॅरालिव्हरमध्ये स्विंगआर्मसोबत दुसरा दांडा देऊन जवळपास समांतरभुज चौकोन केलेला असतो. क्राउन-पिनियनचा डबा त्यामुळे फारसा कलत नाही आणि कोनांची जोडी बऱ्यापैकी जमते. (थ्रॉटल दिल्यावर जुन्या शाफ्टच्या गाड्यांचा मागचा भाग उचलायचा, तेही यामुळे कमी झालं.) आता दुसरी अट. काही शाफ्ट दोन तुकड्यांचे असतात आणि मधे सरकते दाते, म्हणजे स्प्लाइन असतात. दुरुस्तीत ते सुटे झाले आणि परत बसवताना एक-दोन दाते चुकले, तर फेज बिघडते. तुकडे पूर्ण ९० अंशांनी चुकले तर दोन्ही सांध्यांची चलबिचल वजा न होता एकमेकींत मिळते, आणि १० अंशांच्या कोनाला दीडचे तीन टक्के होतात. म्हणून सुटं करण्याआधी दोन्ही तुकड्यांवर रंगाची एक सरळ रेघ ओढायची. दोन मिनिटांचं काम आहे आणि बहुतेक जण ते विसरतात.

फेज बरोबर असली तरी क्रॉसला विसावा नसतो. त्याच्या चारही टोकांवर वाटीसारखी टोपी आणि तिच्यात सुईएवढे बारीक रोलर असतात. चाकाच्या बेअरिंगमधला रोलर गोल गोल फिरतो, त्यामुळे भार सगळीकडे वाटला जातो आणि ग्रीस पसरत राहतं. क्रॉसमधली सुई फिरत नाही, जागच्या जागी डोलते. भार रोज त्याच रेषेवर पडतो, तिथलं ग्रीस बाजूला ढकललं जातं आणि पोलादावर सुईच्या आकाराच्या बारीक खाचा पडतात. ट्रकच्या क्रॉसला निपल असतं. ग्रीस गनने चारही टोप्यांतून नवं ग्रीस डोकावेपर्यंत दाबलं की काम झालं. मोटरसायकलच्या क्रॉसला सहसा निपल नसतं. त्याच्या टोप्या काट्यातच ठोकून बंद केलेल्या असतात. आतलं ग्रीस एकदा गेलं की गेलं.

ते घालवण्यात पाण्याचा वाटा सगळ्यात मोठा. शाफ्ट स्विंगआर्मच्या पोकळ नळीत असतो आणि नळीच्या दोन्ही टोकांना रबराचे बूट असतात. बूट फाटला, किंवा त्याची कड खाचेतून एका बाजूला निसटली, की पाणी आत जातं. लडाखच्या वाटेवरचे ओढे आणि कोकणातला चार महिन्यांचा पाऊस डोळ्यांना दिसतो. वॉशिंग सेंटरमधल्या प्रेशर गनचं पाणी मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. गनची धार थेट बुटाच्या कडेवर कधीही मारू नका. आत गेलेलं पाणी बाहेर पडत नाही. इंजिन तापलं की त्याची वाफ होते, रात्री ती परत थेंब होऊन शाफ्टवर बसते. गंजाचा एक टाचणीएवढा खड्डा पडला की ताण तिथे एकवटतो आणि चीर सुरू होते.

तुटलेला शाफ्ट हातात आला तर त्याचा तुटका भाग उजेडात धरून बघा. चिरेचा जुना भाग गुळगुळीत असतो आणि त्यावर ओहोटीनंतर वाळूवर उरतात तशा वाकड्या समांतर रेघा असतात. त्या ज्या बिंदूभोवती असतात, तिथे बहुधा गंजाचा ठिपका किंवा खाच सापडते. उरलेला भाग गुळाची ढेप फोडल्यावर दिसतो तसा रवाळ असतो. तो शेवटच्या क्षणी तुटलेला. गुळगुळीत भाग जेवढा मोठा, तेवढे जास्त दिवस ही चीर सगळ्यांच्या नजरेआड वाढत होती.

म्हणून ‘ही गाडी मला लाभत नाही’ म्हणत ती स्वस्तात विकून टाकणाऱ्यांचं वाईट वाटतं. न लाभणारी गाडी नसते. बूट निसटलेली गाडी असते, आणि ती तशीच दुसऱ्याच्या हातात जाते. तितकीच चुकीची दुसरी टोकाची हाकाटी आहे, की शाफ्ट तुटला म्हणजे मागचं चाक जाम होऊन माणूस गेलाच. असं दर वेळी होत नाही.

शाफ्ट तुटल्यावर दोन गोष्टी होऊ शकतात. तुटून तो नुसता मोकळा झाला, तर इंजिन ओरडतं, गाडी पुढे ओढत नाही आणि आपोआप मंदावते. पण मोकळं टोक नळीत आपटत राहिलं तर ते ॲल्युमिनियमची नळी फोडू शकतं किंवा तिच्यात अडकून बसू शकतं. अडकलं तर मागचं चाक जाम, आणि इथे क्लच दाबूनही चाक सुटत नाही. क्लच इंजिनाला सोडवतो. अडथळा त्याच्या पलीकडे, चाकाच्या बाजूला आहे. घसटत जाणाऱ्या टायरची सगळी पकड घसटण्याच्या दिशेला खर्च होते, आडव्या दिशेला काहीच उरत नाही. गाडीचं शेपूट फिरतं ते यामुळे.

चालवताना मागून खडखड किंवा घासल्याचा आवाज आला, पायाखालच्या फूटपेगमध्ये नवी थरथर आली, तर थ्रॉटल हळू सोडा, क्लच दाबा, गाडी सरळ ठेवा, पुढचा ब्रेक थोडा थोडा वाढवत डावीकडे थांबा. मागच्या ब्रेकला हात-पाय लावू नका. आधीच जाम होऊ पाहणाऱ्या चाकावर अजून भार नको. घाटात तर एक गोष्ट जिवावर बेतू शकते. तुटलेल्या शाफ्टची गाडी गिअरमध्ये टाकून उभी केली तरी ती धरून राहत नाही, कारण चाकाचा इंजिनाशी संबंधच उरलेला नसतो. उतारावर इंजिन ब्रेकिंगही गेलेलं असतं. चाकाला उताराच्या बाजूने आधी दगड लावा, मगच गाडीवरून हात काढा. ती दोरीने ओढत नेऊ नका, चाकाबरोबर तुटका तुकडाही फिरतो. टेम्पोत चढवा.

तपासणी घरी थोडी, गॅरेजमध्ये जास्त. मेन स्टँडवर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून मागचं चाक हाताने सावकाश फिरवा. टक-टक किंवा अडखळ जाणवली तर क्रॉसवर संशय घ्यावा. पहिल्या गिअरमध्ये चाक पुढे-मागे हलवा. थोडा खेळ असतोच, पण तो मागच्या वेळेपेक्षा वाढला असेल तर कारण शोधायला हवं. बुटाच्या खालच्या कडेला तांबूस ओल दिसली तर थांबू नका. क्राउनच्या डब्यातलं तेल बदलताना ड्रेन बोल्टच्या चुंबकावरचं काळपट करडं लोणी बोटांत चोळा. गुळगुळीत लागलं तर ठीक, कण टोचले तर बेअरिंग किंवा दाते निघताहेत.

नीट बघायचं तर शाफ्ट बाहेर काढावाच लागतो. जीएसच्या जातीच्या गाडीत चाक आणि ब्रेक कॅलिपर काढतात, एबीएसची वायर मोकळी करतात, बुटाचे क्लॅम्प सोडतात, पॅरालिव्हरच्या दांड्याचा मागचा बोल्ट काढतात आणि डबा खाली झुकवतात. डब्याला आधी खालून टेकू द्यायचा. तो ब्रेकच्या पाइपवर लोंबकळता कामा नये. मग शाफ्ट मागे ओढून काढायचा आणि दोन्ही सांधे दोन्ही दिशांना हाताने वाकवून बघायचे. चांगला क्रॉस तेलकट, एकसारखा वळतो. सरळ स्थितीत आला की ‘अडकून’ बसणारा क्रॉस गेलेला समजा, त्याच्या सुयांनी खाचा पाडल्या आहेत. ज्या शाफ्टच्या नळीत धक्के पचवायला रबर असतं, तिथे आतल्या-बाहेरच्या नळ्यांवरून रंगाची रेघ ओढून ठेवा. पुढच्या तपासणीत रेघ तुटक दिसली तर रबर सुटलंय. स्प्लाइनवर तांबडी पूड असेल तर दाते कोरडे घासले गेले आहेत. त्यांना चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस नको, मॉलिब्डेनमचं प्रमाण जास्त असलेली पेस्ट लावतात, तीही पातळ. जास्तीची पेस्ट फिरण्याच्या जोराने उडून नळीभर होते.

परत बसवताना शाफ्टचं पुढचं टोक गिअरबॉक्सच्या स्प्लाइनवर सर्क्लिपने, म्हणजे खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीने, बसतं. ते बसल्याचा ‘टक्’ हाताला कळला पाहिजे, आणि मागे ओढून पाहिल्यावर निघता कामा नये. मग दोन्ही बुटांच्या कडांवरून बोट पूर्ण गोल फिरवायचं. खालच्या बाजूची कड डोळ्यांना दिसत नाही, आणि निसटते ती तीच.