मावळ्याचा अंगरखा येतो कुठून?

शिवजयंती तोंडावर आली की जळगाव-धुळ्याकडच्या ड्रेपरीवाल्यांची, म्हणजे भाड्यानं पोशाख देणाऱ्यांची, धांदल उडते. घोड्यावर बसायचं असलेल्या पोरांना नुकत्याच पाहिलेल्या सिनेमातला पोशाख हवा असतो, आणि दुकानदारानं तो शिवून तयारच ठेवलेला असतो. मग सिनेमावाल्यांनी तो कुठून आणला? हा धागा मागे ओढत गेलं की इतिहासकारांच्या आधी चित्रकार भेटतात.

दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. त्याआधी काही काळ त्यांनी लोणावळ्याजवळच्या रविवर्म्याच्या छापखान्यात काम केलं होतं. त्या छापखान्याच्या तसबिरी तोवर घराघरांतल्या भिंतींवर लागल्या होत्या. देवी आणि पुराणातल्या नायिका कशा दिसतात, हे लोकांच्या मनात तिथंच पक्कं झालं. फाळक्यांच्या तारामतीचं काम साळुंके नावाच्या पुरुषानं केलं, तरी प्रेक्षकांना ती राणीच वाटली. डोळ्यांना तयार साचा होता.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर मूळचे नाटकांचे पडदे रंगवणारे. त्यांचा 'सिंहगड' हा सिनेमा १९२३ चा. गंमत अशी की शिवाजी महाराजांचं समकालीन चित्र इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी लोकांसमोर आणलं ते १९३३ च्या सुमारास. तोवर महाराजांचं म्हणून छापलं जाणारं एक चित्र भलत्याच माणसाचं होतं. म्हणजे पुरावा पोहोचण्याआधी पोशाख ठरून गेला होता. तो आला नाटकाच्या कपडेपटातून. मखमल, जरीचे काठ, छातीवर मोत्यांचे सर ही सगळी मागच्या रांगेतल्या माणसाला दिव्याच्या उजेडात राजा ओळखता यावा म्हणून केलेली सोय. पुढे कॅमेरा नटाच्या नाकापर्यंत आला, पण मखमल काही उतरली नाही.

बाबूरावांबरोबर काम केलेले एक चित्रकार म्हणजे अण्णासाहेब राजोपाध्ये. त्यांची मुलगी भानू अथैया. 'गांधी'च्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासोबत तिला ऑस्कर मिळालं, भारतीयाला मिळालेलं पहिलं. तिथला काळ जवळचा होता, फोटो मुबलक होते आणि खादी विणणारे हातही शाबूत होते. आपल्याकडच्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं. त्यावर उद्या कुणी सिनेमा काढला तर वेशभूषाकाराला फारसं अडायचं कारण नाही. खरी पंचाईत सतराव्या-अठराव्या शतकाची.

आणि त्या काळाचं कापड तर आपल्याच दारात होतं. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असलं तरी फारुकी सुलतानांच्या खानदेशची ती राजधानी. १६०१ मध्ये अकबरानं असीरगड घेतला आणि हा मुलूख मोगलांकडे गेला. त्याच शतकात इथून गेलेल्या ताव्हर्निए या फ्रेंच व्यापाऱ्यानं बुऱ्हाणपूरच्या झिरझिरीत मलमलीबद्दल लिहून ठेवलंय. ती इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जात असे. वैशाखात पारा पंचेचाळिसाला टेकणाऱ्या मुलखात असलंच कापड अंगावर ठरणार. आपले सिनेमातले सरदार मात्र भर उन्हात मखमल आणि चामडं चढवून फिरतात. घेरी कशी येत नाही देव जाणे!

शिवणीचेही बारकावे आहेत. मोगल काळात जाम्याचे, म्हणजे घेरदार अंगरख्याचे, बंद मुसलमान उजव्या बाजूला बांधत आणि हिंदू डाव्या. अकबराच्या वेळी जाम्याच्या घेराला टोकं असत, पुढे घेर गोल झाला. एवढं सांभाळायला पैसे पडत नाहीत, तरी सगळ्यात आधी हेच चुकतं. पगडीवरून मात्र हाणामाऱ्या होतात.

रंगांकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी लबाडी तिथंच आहे. लाल आल नावाच्या झाडाच्या मुळांचा, निळा निळीचा, गुलाबी-केशरी कुसुंब्याचा, म्हणजे करडईच्या फुलांचा. हे रंग उन्हानं आणि धुण्यानं हळूहळू फिके पडत जातात, एकाच ताग्यात कमी-जास्त उतरतात. पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं १८५६ मध्ये पहिला कृत्रिम जांभळा रंग काढला, १८६८ मध्ये मुळांतून मिळणारा लालही प्रयोगशाळेत तयार झाला आणि काही दशकांत रंगाऱ्यांची भांडी थंडावली. जळगावात सुताची गिरणी आली तीही १८७० च्याच दशकात. हातमागाचं गाठी-गाठींचं पोत तिथून मागे पडत गेलं. आज पडद्यावर दिसणारा रासायनिक रंगाचा झगझगीत शेला पानिपताच्या लढाईत कुणाच्याही कमरेला असणं शक्य नव्हतं.

धुळ्याला इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळ १९२७ पासून आहे. राजवाडे गेले तेही धुळ्यातच, १९२६ च्या शेवटच्या दिवशी. अशा दप्तरांत लढायांच्या जोडीला हिशेबही असतात. कुणाला शेला दिला, कुणाला पागोटं, कापड किती लागलं, दर काय पडला. वेशभूषाकाराला एवढ्यावर महिनाभर बसता येईल. निर्माता तेवढा थांबेल का, हा भाग वेगळा.

ड्रेपरीवाल्याला हे सगळं सांगायचं मी एकदा धाडस केलं. तो हसला. म्हणाला, "भाऊ, मलमल एका मिरवणुकीत फाटते. हे बघा, सॅटिन आहे, दहा वर्षं मरण नाही." मावळ्याचा तो अंगरखा उलटून पाहिला. कापड सुरतेचं होतं.