कॅन्सरच्या औषधाच्या ट्रायलमध्ये भाग घ्यायचाय? पात्रता, कागदपत्रं आणि संमतिपत्र

कॅन्सरच्या औषधाच्या चाचणीत भाग घेण्यासाठी पेशंटने कुठल्या सरकारी कचेरीत अर्ज द्यायचा नसतो. परवानगी मागायचं काम औषध कंपनीचं किंवा संशोधन करणाऱ्या हॉस्पिटलचं. पेशंटच्या वाट्याला येतं ते संमतिपत्र, आणि सगळं महत्त्वाचं त्यातच असतं.

आधी ट्रायल शोधायची. सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत औषधांची चाचणी नोंदवणं १५ जून २००९ पासून सक्तीचं आहे. ती वेबसाइटवर कुणालाही फुकट बघता येते. आजाराचं नाव टाकलं की हॉस्पिटल, डॉक्टर, कोणाला घेणार, कोणाला नाही, भरती चालू आहे की बंद, हे सगळं दिसतं. एथिक्स कमिटीची, म्हणजे पेशंटची सुरक्षितता आणि हक्क जपणाऱ्या समितीची, मंजुरी आहे का, तेही तिथेच बघा. बाजारात असलेल्याच औषधाची मात्रा बदलून हॉस्पिटल स्वतः संशोधन करत असेल, तर औषध नियंत्रकांची वेगळी परवानगी बहुधा लागत नाही. एथिक्स कमिटीची लागतेच. अशा संशोधनाला कमी लेखू नका. टाटा हॉस्पिटलने तोंडा-घशाच्या बळावलेल्या कॅन्सरमध्ये निवोलुमॅब हे प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे २० मिलिग्रॅम, देऊन पाहिलं. सोबत गोळ्यांची केमो होती. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण नुसत्या गोळ्यांवर १६.३ टक्के होतं, निवोलुमॅब जोडल्यावर ४३.४ टक्के.

पात्रतेत बरेच जण अडतात ते उशिरामुळे. सगळे उपाय थकले की घरचे ट्रायलची चौकशी करतात, आणि तोवर पेशंट अंथरुणाला खिळलेला असतो. पुष्कळ ट्रायलमध्ये हिंडता-फिरता, हलकी कामं करू शकणारा पेशंटच घेतात. किडनी, लिव्हर, रक्तपेशी ठरलेल्या मर्यादेत लागतात. आधी किती प्रकारची केमो झाली याचंही बंधन असतं. म्हणून पुढची केमो सुरू करायच्या आधीच डॉक्टरांना विचारा.

फाइलमध्ये बायोप्सीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्डं, केमोच्या तारखा आणि मात्रा, ताजे रक्ताचे रिपोर्ट, ओळखपत्र. स्कॅनचा नुसता कागद चालत नाही, सीडी लागते. आणि ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. तो पहिल्या लॅबमध्येच पडून असतो. लेखी मागून घ्या आणि पुढे देताना पोच घ्या. पुन्हा तपासणी त्याच्यावरच होते.

आता संमतिपत्र. ते पेशंटला समजेल अशा भाषेत हवं. मराठी प्रत मागायला संकोच कसला? वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार लागतो. घरी नेऊन वाचा, घाईने सही करू नका. त्यात शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव विचारतात. वारसाचा रकाना बघून घरचे दचकतात, पण तो नुकसानभरपाईसाठी असतो, कोरा सोडू नका. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाई प्रायोजकाने, म्हणजे चाचणी करवणाऱ्या कंपनीने किंवा संस्थेने, द्यायची. मृत्यूच्या भरपाईचं सूत्र ८ लाख रुपये ही मूळ रक्कम धरून वय आणि आजाराची अवस्था यांवर चालतं. इजा चाचणीमुळेच झाली का, हे मात्र तपासून ठरवलं जातं. सही केलेली एक प्रत तुमची, ती मिळाल्याशिवाय उठू नका. त्यावर संशोधक डॉक्टरांचा आणि एथिक्स कमिटीचा फोन असतो. ताप, जुलाब, धाप, काहीही झालं तर पुढच्या व्हिजिटची वाट न बघता लगेच कळवा. गंभीर त्रासाचा रिपोर्ट डॉक्टरांना २४ तासांत वर पाठवावा लागतो.

ट्रायल केव्हाही सोडता येते, कारण द्यावं लागत नाही आणि नेहमीचे उपचार थांबत नाहीत. कोणी 'नाव लावून देतो' म्हणून पैसे मागितले तर सरळ उठून या. कोणत्या तपासण्या मोफत आणि कोणत्या आपल्या खिशातून, हे मात्र आधी स्पष्ट विचारून घ्या. औषधाने गुण आला आणि दुसरा इलाज नसला, तर ट्रायल संपल्यावरही ते मोफत चालू ठेवण्याची तरतूद नियमांत आहे. त्यासाठी डॉक्टरांची शिफारस, एथिक्स कमिटीची मंजुरी आणि पेशंटची वेगळी लेखी संमती लागते.