ब्लूबेरी कॉब्लर: उत्तरेचं फळ, दक्षिणेचं नाव

खाण्याचा पदार्थ म्हणून ‘कॉब्लर’ हा शब्द छापून आला, त्या सुरुवातीच्या नोंदींत पीच भेटतात, सफरचंदं भेटतात, ब्लूबेरी नाही. लेटिस ब्रायन यांच्या ‘द केंटकी हाउसवाइफ’ या १८३९ सालच्या पुस्तकात पीचच्या ‘पॉट-पाई’ची कृती आहे आणि हिलाच कॉब्लरही म्हणतात, असं त्या सांगून टाकतात. वर एक शेराही आहे: पाहुण्यांपुढे मिरवावा असा हा प्रकार नव्हे, पण घरच्यांसाठी झकास, थंड दुधासोबत. पुढे वीस वर्षांनी, १८५९ मध्ये, अमेरिकी बोलीच्या एका कोशाने या शब्दाचा अर्थ दिला तो असा: भांड्याला आतून पिठाचं जाड अस्तर लावून, त्यात फळं घालून भाजलेली पाई, सफरचंदाची नाहीतर पीचची. आणि शब्द ‘पश्चिमेकडचा’ असल्याची नोंद केली. त्या काळी केंटकी-टेनेसी म्हणजे पश्चिमच होती.

आज ‘घरचा ब्लूबेरी कॉब्लर’ म्हटलं की अमेरिकन माणसाला दिसतो तो खदखदणारा जांभळा रस आणि त्यावर ओबडधोबड, सोनेरी पिठाचे गोळे. आजीच्या आजीपासून चालत आलेला पदार्थ, अशी त्याची ख्याती. प्रत्यक्षात त्याचं नाव एकीकडचं आणि फळ दुसरीकडचं आहे. नाव दक्षिणेत आणि पश्चिमेत रुळलं, तर फळ ईशान्येच्या खडकाळ माळांवर आणि दलदलीत वाढलं. या दोघांची एका भांड्यात गाठ पडेपर्यंत बराच काळ गेला.

आधी भांड्याचं पाहू. इंग्लंडहून आलेल्या वसाहतकऱ्यांना चरबी घालून तासन्‌तास वाफवलेली पुडिंगं आणि विटांच्या भट्टीतल्या पाई ठाऊक होत्या. नव्या मुलुखात प्रत्येक झोपडीत भट्टी कुठून असणार? त्यांच्याकडे होतं ते ‘डच ओव्हन’. नाव ओव्हन असलं तरी हे बिडाचं, तीन पायांचं, जाड झाकणाचं पातेलं. इंग्लंडमध्ये एब्राहम डार्बी यांनी वाळूच्या साच्यात बिडाची भांडी ओतण्याचं पेटंट १७०७ मध्ये घेतलं, तेव्हापासून अशी भांडी स्वस्त होत गेली. खाली निखारे, झाकणावरही निखारे. झाकणाची कड उचललेली, म्हणजे निखारे घरंगळत नाहीत. वरून धग मिळाल्यामुळे पीठ नुसतं शिजत नाही, खरपूस होतं. पश्चिमेकडे निघालेल्या गाड्यांमधून आणि गुराख्यांच्या तळांवर हेच पातेलं फिरलं. तिथे ताजी फळं कुठली. सुकवलेली सफरचंदं भिजवून कॉब्लर व्हायचा.

या नावाचा उगम कोशकारांना निश्चित सांगता आलेला नाही. कोणी जुन्या इंग्रजीतल्या लाकडी वाडग्याच्या नावाशी त्याचं नातं जोडतं, कोणी वरचे पिठाचे गोळे रस्त्यावरच्या गोट्यांच्या फरसबंदीसारखे दिसतात म्हणून, तर कोणी ‘कसंबसं जोडून केलेलं’ या अर्थाने. हा तिसरा अर्थ मला पटतो, पण पुरावा म्हणून नव्हे. एकदा करून पाहिला की पटतो. (त्याच काळात शेरी, साखर आणि बर्फाच्या एका पेयालाही कॉब्लरच म्हणत. त्याचा या पदार्थाशी संबंध लावायला जाऊ नये.)

कोशातलं ते खालचं जाड अस्तर पुढे गळून पडलं आणि वरचं आवरण फुगीर झालं. हा बदल घडवला राखेने. लाकडाच्या राखेतून काढलेला ‘पर्लअॅश’ हा क्षार आंबट पदार्थाबरोबर मिसळला की वायू सुटतो आणि पीठ यीस्टशिवाय फुगतं. अमेलिया सिमन्स यांच्या १७९६ सालच्या पाककृतींच्या पुस्तकात तो सर्रास वापरलेला दिसतो. राखेचा हा धंदा केवढा होता याची एक खूण: ३१ जुलै १७९० रोजी दिलं गेलेलं अमेरिकेचं पहिलंच पेटंट पोटॅश आणि पर्लअॅश बनवण्याच्या सुधारित पद्धतीचं होतं, आणि त्यावर राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांची सही होती. पुढे पर्लअॅशच्या जागी सोडा आला. १८५६ मध्ये हार्वर्डचे रसायनशास्त्रज्ञ एबेन हॉर्सफर्ड यांनी सोड्याला जोड म्हणून कोरड्या भुकटीच्या रूपातल्या आम्लधर्मी कॅल्शियम फॉस्फेटचं पेटंट घेतलं. मग आंबट ताकावाचूनही पीठ फुगू लागलं. कॉब्लरवरचं ‘बिस्किट’ ते हेच. डब्यातलं कुरकुरीत बिस्किट नव्हे. मऊ, पापुद्रेदार, लोणी चोळलेल्या पिठाचा गोळा.

सोड्याचं आणि ब्लूबेरीचं मात्र जरा वाकडं आहे. या फळाचा रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांचा. ती आम्लात लालसर, आणि अल्कलीत निळी-हिरवट होतात. पिठात सोडा थोडा जास्त पडला की बेरीभोवती हिरवट कडं उमटतं. फळात लिंबू पिळण्याची रीत चवीसाठी आहेच, पण रंगही राखते.

आता फळाकडे. ईशान्य अमेरिका आणि कॅनडातली बुटकी रानटी ब्लूबेरी घोट्याएवढ्या उंचीची असते आणि जमिनीखालच्या खोडांनी पसरते. अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या मेन राज्यातल्या वाबानाकी या मूळ रहिवाशांनी हे जाणून माळ जाळण्याची पद्धत पाळली: आग वरचं सगळं खाते, खालची खोडं जिवंत राहतात, आणि नव्या फुटव्यावर भरघोस फळ येतं. तिथले शेतकरी आजही झुडपं जाळतात किंवा जमिनीलगत छाटतात आणि एक वर्ष सोडून पीक घेतात. १६१५ मध्ये फ्रेंच प्रवासी सॅम्युअल द शाँप्लेन यांनी ह्युरॉन सरोवराच्या परिसरात स्थानिक लोकांना हिवाळ्यासाठी ही फळं सुकवताना पाहिलं होतं. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे मेनसह ईशान्येकडच्या राज्यांत, मूळ रहिवाशांची सुकवलेल्या बेरी आणि मक्याच्या भरडीची ‘सॉटॉथिग’ नावाची लापशी होती. ब्लूबेरी आणि धान्य एकत्र शिजवण्याची कल्पना, म्हणजे, गोऱ्यांच्या पातेल्याहून जुनी आहे.

न्यू इंग्लंडच्या स्वयंपाकघरात या फळाचे गोड पदार्थ झाले, पण त्यांची नावं निराळी. झाकण लावून चुलीवरच वाफवलेला तो ‘ग्रंट’; शिजताना रस घुरघुरतो म्हणून म्हणे. ताटात घेतल्यावर फसकन बसतो तो ‘स्लम्प’. केकच्या मिश्रणात बेरी घातल्या तर ‘बकल’. ही नावं काटेकोर नव्हेत. एका गावचा ग्रंट शेजारच्या गावी स्लम्प असायचा. लेखिका लुइसा मे अल्कॉट यांनी तर कॉन्कर्डमधल्या आपल्या घरालाच थट्टेने ‘अॅपल स्लम्प’ म्हटलं होतं.

ब्लूबेरी नाजूक. रानातून आणलेली टोपली दूरच्या बाजारापर्यंत टिकायची नाही. यादवी युद्धाच्या काळात मेनमध्ये ती डब्यात भरण्याचा उद्योग उभा राहिला, उत्तरेच्या सैन्यासाठी. युद्ध संपलं, डबे राहिले. पण ताजं फळ अजूनही रानावरच अवलंबून होतं, कारण ब्लूबेरीची लागवड होतच नाही अशी समजूत होती. लोकांनी प्रयत्न केले होते: चांगली काळी जमीन, भरपूर खत, वर चुना. झुडपं मरायची.

याचं उत्तर शोधलं ते अमेरिकी कृषी खात्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी. १९०६ च्या सुमारास त्यांनी कुंड्यांमधून प्रयोग सुरू केले आणि १९१० मध्ये निष्कर्ष छापले. ब्लूबेरीला आम्लयुक्त, निकस माती लागते. चुना आणि शेणखत म्हणजे तिला विष. हिवाळ्याची थंडी मिळाल्याशिवाय ती वसंतात नीट फुटत नाही. आणि फळ चांगलं धरायला दुसऱ्या झुडपाचे परागकण हवेत. आज हे कुठल्याही रोपवाटिकेत सांगतात. तेव्हा ते सगळं उलटं वाटलं असणार.

न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्स या वालुकामय रानात व्हाइट कुटुंबाची क्रॅनबेरीची शेती होती. तिथली मुलगी एलिझाबेथ व्हाइट. तिने १९११ मध्ये कोव्हिल यांची पुस्तिका वाचली आणि त्यांना थेट कळवलं: जमीन आमची, मजूर आमचे, प्रयोग तुमचे. जमीन तर होतीच, पण तिचं खरं भांडवल होतं रानात वावरणारी माणसं. तिने त्यांना ठरावीक मापाची भोकं पाडलेल्या पट्ट्या दिल्या. ५/८ इंचाच्या, म्हणजे सुमारे १६ मिलिमीटरच्या भोकातून जी बेरी सहज पडत नाही, तिचं झुडूप दाखवा आणि पैसे घ्या. झुडपाला शोधणाऱ्याचंच नाव. रूब लीक नावाच्या माणसाने एक उत्कृष्ट झुडूप आणलं, तेव्हा पंचाईत झाली: ‘लीक’ म्हणजे कांद्याच्या जातीची भाजी, आणि ‘रूब’ म्हणजे गावंढळ. कोव्हिल यांनी ‘रूब’ला आडनावातला ‘ल’ जोडला आणि ‘रूबेल’ झालं. हा वाण आजही लावला जातो.

१९१६ साली व्हाइट कुटुंबाच्या व्हाइट्सबॉग या शेतीवरून लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक बाजारात गेलं. उंच झुडपावरचं, मोठं, एकसारखं फळ. चवीचा विचार केला तर रानटी बेरी सरस, असं मेनवाले म्हणतात आणि कॉब्लरपुरतं त्यात तथ्य आहे: बेरी लहान असली की तेवढ्याच वजनात साल जास्त, आणि रंग-गंध सालीत असतो. पण मोठी बेरी खोक्यात टिकते, दूर जाते.

दूर, पण पार दक्षिणेपर्यंत नाही. उत्तरेच्या या झुडपांना सात अंश सेल्सिअसखालच्या थंडीचे आठशे ते हजार तास लागतात. जॉर्जिया-फ्लोरिडाच्या हिवाळ्यात ते मिळत नाहीत. तिथली स्वतःची ‘रॅबिटआय’ ब्लूबेरी रानात होती, आणि फ्लोरिडात १८९३ मध्ये एका शेतकऱ्याने ती उपटून आणून शेतात लावलीही होती. पद्धतशीर पैदास मात्र १९४० मध्ये जॉर्जियातल्या टिफ्टन इथे सुरू झाली. १९५५ चा ‘टिफब्लू’ हा तिथला गाजलेला वाण. पीचचा कॉब्लर करणाऱ्या दारांपुढे ब्लूबेरी पिकू लागली ती अशी, बऱ्याच उशिरा.

दक्षिणेने तोवर कृतीही सोपी करून ठेवली होती. पीठ मळायचं नाही, लाटायचं नाही. ट्रेमध्ये लोणी वितळवायचं, त्यावर एक कप मैदा, एक कप साखर, एक कप दूध आणि बेकिंग पावडरचं सैल मिश्रण ओतायचं, आणि फळं वर सोडायची. ढवळायचं नाही. भाजताना मिश्रण फळांच्या भोवतीने वर चढतं आणि फळं खाली जातात. गोळ्यांच्या कॉब्लरपेक्षा हा केकच्या जवळ जातो, म्हणून काही जण त्याला कॉब्लर मानायलाच तयार नसतात.

गोळ्यांच्या प्रकारात नेहमी फसते ती एकच गोष्ट: वर सोनेरी, आणि खाली पीठ गिचका. ब्लूबेरीला पाणी फार सुटतं, त्यासाठी फळांत कॉर्नफ्लोअर, म्हणजे मक्याचं स्टार्च, मिसळतात. हे स्टार्चही सोड्यासारखंच एकोणिसाव्या शतकातलं. थॉमस किंग्जफर्ड यांनी १८४२ मध्ये ते वेगळं काढलं ते कपड्यांना खळ करण्यासाठी, स्वयंपाकघरात ते नंतर आलं. ते नीट घट्ट व्हायला रस उकळीला यावा लागतो. म्हणून १९० अंशांवर भाजताना कडेचे बुडबुडे पाहून ओव्हन बंद करायचा नाही. ट्रेच्या मधोमध रस जाडसर, संथ खदखदायला लागला की मग काढायचा, आणि निदान अर्धा तास तसाच ठेवायचा. गरम असताना तो पातळच दिसतो.